बंब बदलला तेव्हा

गेल्या हिवाळ्यात भुसावळच्या घरातला जुना बंब काढून आम्ही गीझर बसवला. खरं म्हणजे एवढंच सांगायचं आहे, आणि तेवढंही मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. शाळेत कुणी विचारलं, की मी म्हणते, "वडिलांकडे पाइप बदलायचे होते, म्हणून रजा घेतली होती." मग समोरचा माणूस गीझर किती लिटरचा घेतला ते विचारतो, मी सांगते आणि विषय संपतो.

मी धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. आई-वडील भुसावळच्या बाहेर, स्वतः बांधलेल्या घरात राहतात. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, आईला माय. नानांची उभी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरवर गेली. कॉलनीत चारी मुलखांची माणसं, त्यामुळे त्यांची बोली कधीच सरकारी होऊन गेली. माय धुळ्याकडची. इतकी वर्षं कॉलनीत काढून तिने आपली अहिराणी काही सोडली नाही. नाना चिडवायचे, "हिला साहेबाच्या घरी न्यायचं तर सोबत दुभाषी न्यावा लागतो." त्यावर माय म्हणायची, साहेबाच्या बायकोला माझी भाकरी कळते, तेवढं पुरे.

निवृत्त झाल्यावर नानांनी घर बांधलं आणि पहिलं काम केलं ते बंबाचं. विकतचा बंब त्यांना खेळणं वाटायचा. त्यांनी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आठ दिवस ठाण मांडून स्वतःच्या मापाचा बंब करून घेतला. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली तो उभा राहिला. वरच्या टाकीतून त्यात गार पाणी यायचं, खाली कपाशीच्या पऱ्हाट्या नि लाकडं पेटवायची, आणि गरम पाणी लोखंडी पाइपातून भिंतीपलीकडे न्हाणीघरात जायचं. पाइपही त्यांनीच टाकले. कुठे वळण द्यायचं, कुठे कॉक बसवायचा, हे त्यांनी वहीत काढून ठेवलं होतं. घराचा नकाशा हरवला, पण पाइपांचा अजून आहे.

बंबाला तापमापक नव्हता. तो बसवा म्हणून मी एकदा सांगून पाहिलं होतं. नाना म्हणाले, "बाई, गेज अडकतं. हात अडकत नाही." प्लँटवर म्हणे त्यांचा हात प्रसिद्ध होता. पंपावर, व्हॉल्व्हवर, पाइपावर ते हाताची मागची बाजू नुसती टेकवायचे आणि आकडा सांगायचे. नवे इंजिनियर हसायचे, मग गेज बघायचे आणि गप्प बसायचे. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्यात खरं किती नि मीठमिरची किती, हे आता सांगता येणार नाही. पण आम्हा भावंडांचा ताप त्यांनी कधी थर्मामीटरने मोजला नाही, हे खरं.

दोन वर्षांपूर्वी माय अंगणात पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण पायात बळ आलं नाही ते नाहीच. डोकं लख्ख, जीभ शाबूत, फक्त उठता येईना. तिच्या अंघोळीला बाई ठेवावी असं मी म्हटलं, तर घरात अबोला झाला. तीन दिवस नाना माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "तिने माझे डबे भरले, सगळ्या शिफ्टचे. आता मी तिला अंघोळ घालतो, यात तुझं काय जातं?" मायला विचारलं, तर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्यास्ले करू दे." मग मी नाद सोडला.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. नाना बंब पेटवायचे, मायला धरून न्हाणीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचे, बादलीत आधी गरम मग गार पाणी सोडायचे, त्यात हात बुडवून बघायचे आणि मगच पहिला तांब्या तिच्या खांद्यावर घालायचे. दर वेळी विचारायचे, "कसं आहे?" मी सुट्टीत गेले, की हे बाहेरून ऐकायची. मायची सतरा औषधं, वेळा, पथ्यं, यांत म्हाताऱ्याचा जीव गुंतला होता असं लोक म्हणत. मला विचाराल, तर त्यांचा जीव त्या एका बादलीत होता. अंघोळ झाली की ते नवी शिफ्ट सुरू झाल्यासारखे ताजेतवाने दिसायचे.

थंडी पडली आणि नानांचा फोन आला. "बंब म्हातारा झाला. पाणी तापत नाही. दुप्पट सरपण घालतो, तरी कोमटच." पुढे कारणही त्यांनीच सांगितलं: बोअरचं पाणी खारं, आत क्षाराचा थर बसला असणार, आणि थर बसला की आच पाण्यापर्यंत पोचत नाही. मी हेच सातवीला शिकवते. मला ते ताबडतोब पटलं. मी तर वर आणखी म्हटलं, की पाइपही आतून बुजले असतील.

मग नानांनी आपला फोन मायच्या कानाला लावला. ती फोनवर फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र घाईघाईने म्हणाली, "बंब बदली टाक पोरी. तो बटनवाला बसाडी ले. लवकर." शेजारच्यांकडे गीझर आला होता, तो तिने ऐकून ऐकून पाठ केला होता. पाणी ठरल्यापेक्षा जास्त तापत नाही, आपोआप बंद होतं. मला हसू आलं. जन्मभर तिने स्वतःसाठी काही मागितलं नाही आणि आता मागितलं तर गीझर. मी म्हटलं, शनिवारी येते, प्लंबर ठरवून ठेवा.

शनिवारी पहिल्या गाडीने निघाले, तरी जळगाव ओलांडता ओलांडता उशीर झाला. घरी पोचले तेव्हा प्लंबर येऊन बसला होता. पन्नाशीचा, कानाला मफलर, रेल्वेच्या वस्तीत वाढलेला, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा माणूस. नाना त्याला वही दाखवून पाइपांचं वर्णन करत होते आणि तो मान डोलावत होता. अशा माणसाला कोणी काम सांगू लागलं की तो ऐकतो आणि मग आपल्याला हवं तेच करतो, हे मला दिसत होतं. नानांना दिसत नव्हतं.

मी बॅग ओट्यावर टाकली आणि सरळ मागे गेले. आतून मायने हाक मारून जवळ बोलावलं, "पोरी, पहिले आठे ये." मी म्हटलं, "आले, आले." प्लंबर म्हणत होता की सगळे पाइप काढावे लागतील, नाना म्हणत होते की फक्त बंबापासून भिंतीपर्यंतचा तुकडा बदलला तरी चालेल, आणि मला त्या दोघांच्या मध्ये पडायचं होतं. माझा स्वभावच तसा. कुठे वाद चालला असेल तर मला तो मीच मिटवायचा असतो. मायने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा "आले" म्हटलं.

प्लंबर म्हणाला, "आधी पानी बघू द्या. कितना गरम आता है, ते कळलं की थर किती, ते कळतं." बंब सकाळपासून पेटलेला होता. मायची अंघोळ नुकतीच झाली होती. तो न्हाणीत गेला, गरम पाण्याचा नळ सोडला आणि त्याखाली हात धरला. लगेच ओरडत बाहेर आला.

"अहो, हे तर उकळतंय! कोमट कोण म्हणालं?"

नाना म्हणाले, "उकळतंय कसलं? आत्ता तिला अंघोळ घातली त्याच पाण्याने." ते न्हाणीत गेले. नळ चालूच होता, नुसती वाफ. त्यांनी नेहमीसारखी हाताची मागची बाजू धारेखाली धरली. आम्ही दोघं दारात उभे होतो. ते आमच्याकडे बघून म्हणाले, "बघा. कोमट आहे." आणि हात तिथेच ठेवला. हात लाल होत होता. प्लंबर म्हणाला, "नाना, हात काढा." त्यांनी काढला नाही. शेवटी प्लंबरनेच पुढे होऊन नळ बंद केला.

मी तिथून आत गेले. मायच्या अंगावरची शाल बाजूला केली, पोलकं खांद्यावरून खाली सरकवलं. खांदे आणि पाठ तांबूस झाली होती, सालं निघाल्यासारखी. उजव्या मांडीवर दोन फोड होते, एक फुटलेला. ती माझा हात धरून खाली ओढू लागली, मला बसवायला. मी बसले नाही.

त्या क्षणी मला काय वाटलं, असं विचाराल तर काहीच नाही. फोड किती, ते मोजले. घरात बर्नॉलसारखं काही मलम आहे का, ते आठवून पाहिलं. एकीकडे डोकं हिशेबाने चाललं होतं: नानांची साखर वीस वर्षांची, बोटांना मुंग्या येतात असं ते मागे म्हणाले होते, मधुमेहात हातापायांची जाणीव जाते हे मला माहीत होतं, हेही मी कधीतरी मुलांना सांगितलं असेल. सगळी माहिती होती. ती एकत्र करायचं कधी सुचलं नाही.

राग नंतर आला, मागच्या अंगणात पोचता पोचता. नाना प्लंबरला समजावत होते, की नळाजवळ गरम लागतं पण बादलीत पडेपर्यंत निवतं, म्हणजे थर आहेच. मी त्यांना मध्येच तोडलं.

"नाना, बंब नाही गेला. तुमचा हात गेलाय. तुम्हाला कळत नाहीये. तिला भाजलंय तुम्ही."

आतून मायने पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने. मग थांबली.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी हात उलटा करून पाहिला, मग सुलटा. शेडमध्ये बंब होता, तिकडे गेले, आणि पेटत्या बंबाच्या अंगावर हात टेकवायला निघाले, तसं प्लंबरने त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. प्लंबर चांगला माणूस होता. त्याने दोन वेळा म्हटलं, "होतं नाना, होतं." नाना म्हणाले, "हो." आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

पुढचे तीन दिवस घरात ठोकाठोकी चालली. मी शाळेत रजा वाढवल्याचं कळवलं. डॉक्टर येऊन मायला बघून गेले. नानांच्या बोटांना त्यांनी टाचणीने टोचून पाहिलं. डाव्या हाताला कोपराच्या थोडं खालपर्यंत, उजव्याला मनगटापर्यंत काही कळत नव्हतं. नाना टाचणीकडे न बघता समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते आणि दर वेळी विचारलं की चुकीचं उत्तर देत होते.

जुने पाइप काढले, तेव्हा आत खरोखरच क्षार निघाला. एक तुकडा कापून प्लंबरने मला दाखवला. इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. तो तुकडा घेऊन तो मुद्दाम नानांकडे गेला. "तुमचं बरोबर होतं, नाना. बघा, पुरा जाम." नानांनी तुकडा हातात घेतला, परत दिला आणि म्हणाले, "टाकून दे." लोखंडी पाइप जाऊन पांढरे प्लास्टिकचे आले. भिंतीला चऱ्या पाडल्या, सिमेंट भरलं, त्यावर रंगाचा हात राहून गेला. बंब दोन माणसांनी उचलून लिंबाखाली नेऊन ठेवला. गीझर न्हाणीच्या भिंतीवर चढला, त्याचं तापमान मी खाली आणून ठेवलं आणि बटणाला कुणी हात लावायचा नाही असं घरात जाहीर केलं. घरात होतं कोण? ती दोघं. जाहीर कुणाला करायचं होतं, कोण जाणे.

गीझर लागल्यावर पहिले तीन दिवस मीच मायला अंघोळ घातली. पाणी हवं तसं येत होतं, ना जास्त ना कमी. चौथ्या दिवसापासून वस्तीतली एक बाई यायला लागली. हाताने हलकी, स्वभावाने बोलकी. जिच्यावरून तीन दिवस अबोला झाला होता, ती बाई अशी सहज घरात आली. ती आली की नाना चप्पल घालून फाटकापर्यंत जातात आणि अंघोळ होईपर्यंत तिथेच उभे राहतात. येणारा-जाणारा राम राम करतो, ते उत्तर देतात. तोवर ते घरात येत नाहीत.

मी त्यांना म्हटलं, "नाना, आता गीझर आहे. पाणी पोळणार नाही. तुम्ही घाला ना अंघोळ." ते म्हणाले, "नको बाई. माझा भरवसा नाही." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की मी पुन्हा विचारलं नाही. त्यांची माफीही मागितली नाही. माफी कशाची मागायची, हे मला ठरवता येत नव्हतं. मी खोटं काही बोलले नव्हते. वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटत नव्हतं. नुसतं जड वाटायचं, दुपारी झोपून उठल्यावर वाटतं तसं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मायच्या मांडीला मलम लावत होते. फोड सुकत आले होते. नाना दवाखान्यात तपासणीला गेले होते, घरात आम्ही दोघीच. मी उगाच बोलायचं म्हणून म्हटलं, "किती दिवस असं चाललं होतं, देव जाणे. एकदा तरी ओरडायचंस."

माय म्हणाली, "दिवाईपाईन."

मला आधी कळलंच नाही. दिवाळीपासून काय?

मग तिने सांगितलं, थांबत थांबत, पाय माझ्या हातात तसाच ठेवून. दिवाळीच्या अंघोळीलाच पाणी फार कढत आलं होतं. तिने नानांकडे पाहिलं, तर त्यांचा हात बादलीत होता आणि तोंडावर काही नव्हतं. तेव्हाच तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्यांनी "कसं आहे?" विचारलं, की ती "बरं शे" म्हणायची. तोंड धुवायला म्हणून तांब्याभर गार पाणी मागून घ्यायची आणि ते साबण घ्यायला वळले, की हळूच बादलीत ओतायची. कधी दोन तांबे जमायचे, कधी एक. काही दिवशी ते वळायचेच नाहीत. मग तशीच अंघोळ व्हायची. पाणी तापत नाही, असं नाना म्हणू लागले, तेव्हा तीच म्हणाली, हो, बंब जुना झाला. शेजारच्या गीझरचं तिने त्यासाठीच सगळं विचारून ठेवलं होतं.

"बटनवाला बसना ऱ्हाता, ते पाणी पोयनं नसतं," ती म्हणाली. "त्यास्ले कधीज समजनं नसतं."

मी मलमाचं झाकण लावलं. दिवाळीपासून दीड महिना तिने जे आपल्या कातडीवर झाकून ठेवलं होतं, ते मी एका परक्या माणसासमोर, अंगणात उभी राहून, एका दमात बोलून मोकळी झाले होते. गीझर येणारच होता, तीन दिवसांनी का होईना. तो आला असता, नाना पुन्हा हात बुडवून "कसं आहे" म्हणाले असते आणि पाणी खरंच बरं असतं. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

मी विचारलं, "माय, मग मला फोनवर का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढं साधं मला कसं कळत नाही म्हणून.

"कशी सांगू, पोरी? फोन त्यास्नाज हातमां ऱ्हास."